घरच्या शाळेची परीक्षा : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाचे एक वाचन

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवावे, त्यांना चित्रे काढू द्यावीत, रानात हिंडू द्यावे आणि चांगली पुस्तके त्यांच्या हाती द्यावीत, हा विचार आपल्याकडील शहरी पालकांत अधूनमधून डोके वर काढतो. विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन या शिक्षिकेने १८८६ साली ‘होम एज्युकेशन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. निसर्गाची रोजची नोंदवही, थोर चित्रकारांची चित्रे आणि कोरड्या पाठांऐवजी जिवंत पुस्तके, ही तिची त्रिसूत्री. आजही घरी शिकवणारी अनेक कुटुंबे, विशेषतः पाचसात मुलांची मोठी कुटुंबे, तिच्या वाटेने जातात. मोठ्या मुलाने धाकट्याला वाचून दाखवायचे, सगळ्यांनी मिळून ओढ्यावर जायचे, परत आल्यावर चित्र काढायचे, असा त्यांचा दिनक्रम असतो.

कर्जत-मुरबाड रस्त्यावरील कळंबच्या आसपास हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. पावसाळ्यात येथे पायाखाली आणि डोक्यावर शिकण्यासारखे इतके काही असते की चार भिंतींचा वर्ग हा वेळेचा अपव्यय वाटावा. या पट्ट्यात शहरातील लोकांची शेतघरे झाली आहेत, आणि त्यांच्या कुंपणांपलीकडे ठाकर व कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. एकीकडे पुस्तके असलेले घर निसर्ग शोधत येते. दुसरीकडे निसर्ग असलेल्या घराला पुस्तक मिळत नाही. घरच्या शिक्षणाची चर्चा करताना ही दोन्ही घरे डोळ्यांसमोर असली पाहिजेत.

या चर्चेत आपण नेहमी परदेशी उदाहरणे देतो. वास्तविक मराठी कुटुंबातील घरच्या शिक्षणाचे एक असाधारण उदाहरण आपल्यासमोर लेखी स्वरूपात आहे, आणि ते लिहिणारी व्यक्ती त्या शिक्षणाची विद्यार्थिनीच आहे. पंडिता रमाबाईंनी १९०७ साली ‘ए टेस्टिमनी’ या नावाने ओळखले जाणारे छोटे आत्मनिवेदन इंग्रजीत प्रसिद्ध केले. धार्मिक पुस्तक म्हणून ते बहुधा वाचले जाते किंवा बाजूला ठेवले जाते. शिक्षकांनी ते शिक्षणाचा दस्तऐवज म्हणून वाचावे, असे मला सुचवायचे आहे.

दोन वर्णने

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. स्त्रियांनी संस्कृत शिकावे असे त्यांचे मत होते, आणि ते त्यांनी आपल्या पत्नीपासून, लक्ष्मीबाईंपासून, आचरणात आणले. त्याला विरोध झाला. उडुपी येथे विद्वानांसमोर त्यांना आपल्या मताचे शास्त्राधार मांडावे लागले. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात त्यांनी घर केले. तेथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत, सर्वांना जेवू घालावे लागे. म्हणजे हे घर केवळ आईवडील आणि मुले एवढ्यांचे नव्हते. ते एक मोठे, सतत वाढते-घटते कुटुंब होते. रमाबाईंचा जन्म याच अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. श्रीनिवास हा थोरला भाऊ आणि कृष्णाबाई ही थोरली बहीण.

या घरातील शिक्षणाचे एक वर्णन रेचल बॉडले यांनी केले आहे. फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी १८८६ साली पदवीधर झाल्या, त्याच्या बॉडले या प्रमुख. रमाबाईंच्या १८८७ सालच्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या इंग्रजी पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. तीत पहाटेचे एक मोहक चित्र आहे. झोपाळलेल्या मुलीला आई मायेने उठवते, अरण्यात पक्षी किलबिलत असतात, आणि पुस्तकाशिवाय, केवळ आईच्या तोंडून, पाठ दिला जातो. कला, निसर्ग आणि ग्रंथ यांचा असा संगम शार्लट मेसनच्या वाचकांनाही आवडला असता.

दुसरे वर्णन खुद्द रमाबाईंचे, वीस वर्षांनंतरचे. त्यात अरण्यातील ती स्थिर पहाट नाही. आठवू लागल्यापासून आपले आईवडील एका तीर्थाहून दुसऱ्या तीर्थाला जात होते, असे त्या सांगतात. प्रत्येक ठिकाणी काही महिने मुक्काम, स्नान, देवदर्शन आणि देवळात किंवा सोयीच्या जागी पुराणवाचन. त्यावर मिळेल ती दक्षिणा आणि धान्य. आई त्यांना आठव्या वर्षाच्या सुमारास शिकवू लागली आणि पंधराव्या वर्षापर्यंत शिकवीत राहिली. हे सर्व वाटेवर, धर्मशाळांत आणि देवळांच्या ओवऱ्यांत.

दोन्ही वर्णनांना त्यांचे हेतू आहेत. बॉडलेबाईंची प्रस्तावना असलेले पुस्तक अमेरिकन वाचकांची सहानुभूती आणि मदत मिळवण्यासाठी होते. त्यात चित्र रमणीय होणे साहजिक आहे. रमाबाईंचे निवेदन धर्मांतरानंतर, जुन्या श्रद्धेकडे मागे वळून पाहत लिहिलेले आहे. त्यात जुन्या घरातील उणिवा ठळक होणेही तितकेच साहजिक आहे. प्रयोगशाळेत दोन मापकांची वाचने जुळत नसली की आपण प्रत्येक मापकाचा कल कोणत्या बाजूला आहे हे आधी पाहतो. येथेही तसेच करावे. रमाबाईंचा कल लक्षात घेऊनही एक गोष्ट उरते : त्या आईविषयी आणि वडिलांविषयी कोठेही कडवट होत नाहीत. घराचे ऋण त्या स्वच्छपणे मान्य करतात. त्यामुळे त्यांनी नोंदवलेल्या उणिवांना वजन येते. अरण्याच्या चित्रापेक्षा वाटेचे चित्र अधिक विश्वसनीय मानावे लागते.

घरच्या शिक्षणावरील बहुतेक लेखन पहिल्या प्रकारचे असते. शिकवणारा मोठा माणूस ते लिहितो आणि पहाटेचे वर्णन करतो. शिकलेल्या मुलाने मोठेपणी मांडलेला हिशेब क्वचित वाचायला मिळतो. रमाबाईंच्या पुस्तकाचे पहिले मोल हे आहे.

घराने काय दिले

जे दिले ते थोडे नव्हते. व्याकरण, कोश आणि पुराणे मुखोद्गत. भाषेवर असे प्रभुत्व की १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेऊन तिचा ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरव केला. मराठी तर कोणी पद्धतशीर शिकवलीच नाही. आईवडील शुद्ध बोलत, ते ऐकून आणि वर्तमानपत्रे वाचून ती आली. कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषा प्रवासात कानांवर पडून आल्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पुढे इतरांच्या फारशा मदतीशिवाय आपले आपण शिकता यावे अशी मनाची तयारी आईने करून दिली, असे रमाबाई सांगतात. कोणत्याही शिक्षकाला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र मिळू शकत नाही.

या पाठांतराकडे हल्ली तुच्छतेने पाहिले जाते, म्हणून त्याच्या यंत्रणेविषयी थोडे सांगितले पाहिजे. कोशही पद्यात होते. अनुष्टुभ छंदाच्या श्लोकात आठ-आठ अक्षरांचे चार चरण, म्हणजे बत्तीस अक्षरे असतात आणि काही स्थानांवर लघु-गुरू ठरलेले असतात. म्हणताना एखादे अक्षर गळले तर चाल अडखळते, आणि चूक झाल्याचे म्हणणाऱ्याच्याच कानाला कळते. संगणकातून माहिती पाठवताना चूक ओळखता यावी म्हणून काही जादा अंक जोडतात, त्याच जातीची ही सोय आहे. कला येथे शोभेसाठी नाही. ती ज्ञान सांभाळण्याचे साधन आहे. पुस्तक जवळ नसताना, रोज नव्या गावी मुक्काम असताना, ग्रंथसंग्रह डोक्यात घेऊन चालण्याचा हा मार्ग होता.

पण या साधनाची मर्यादाही छंदातच दिसते. श्लोकातील अक्षर गळले आहे की नाही हे छंद सांगतो. श्लोकातील विधान खरे आहे की खोटे, हे छंद सांगू शकत नाही. चुकीचे विधानही निर्दोष अनुष्टुभात बसते. डोंगऱ्यांच्या घरात पहिल्या प्रकारची चूक पकडण्याची उत्तम व्यवस्था होती. दुसऱ्या प्रकारची चूक पकडण्याची व्यवस्था नव्हती.

घराने काय दिले नाही

रमाबाईंनी यादी स्पष्ट दिली आहे. मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध येऊ नये अशी आईवडिलांची इच्छा होती. मुले धर्मनिष्ठ राहावीत, म्हणून लौकिक विद्या दूर ठेवली गेली. इंग्रजी तर अस्पृश्य मानलेली. गणित नाही, भूगोल नाही, कोणताही हातव्यवसाय नाही. वडील मनाने सुधारक होते, पण सुधारणेची हद्द त्यांनीच आखलेली होती, आणि त्या हद्दीबाहेर काय आहे हे सांगणारे दुसरे माणूस घरात येत नव्हते.

या उणिवेची किंमत १८७० च्या दशकातील दक्षिणेच्या दुष्काळात मोजावी लागली. मद्रास इलाख्यात अन्न महाग झाले, पुराणे ऐकणारे आणि दक्षिणा देणारे लोक उरले नाहीत. जवळ होते ते पैसे देवकार्यात आणि दानधर्मात संपले होते. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. आपण भीक मागण्यास वा हलके काम करण्यास लाजत होतो आणि प्रामाणिकपणे पोट भरण्याचा कोणताही मार्ग आपल्याला शिकवलेला नव्हता, या अर्थाचे रमाबाईंचे निदान आहे. हजारो श्लोक मुखोद्गत असलेले घर उपाशी मेले, हे वाक्य कठोर वाटेल. पण घरच्या शिक्षणाची चर्चा करताना ते टाळता येणार नाही. दुष्काळात अडाणीही मेले हे खरेच. म्हणून शिक्षणामुळे हे घर मेले असे म्हणता येत नाही. इतकेच म्हणता येते की त्या शिक्षणाने वाचण्याचा एकही जादा मार्ग दिला नाही.

भाऊबहीण उरले. दोघे उत्तरेकडे पायी निघाले. पंजाब-काश्मीरच्या बाजूला झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढल्याचा उल्लेख निवेदनात आहे. निसर्गाच्या इतक्या जवळ कोणते विद्यार्थी राहिले असतील? अरण्य, नद्या, हिमालय, सर्व काही त्यांनी पायाखाली घातले. तरी या प्रवासात वनस्पतिशास्त्र किंवा भूगोल हाती लागला नाही. निसर्गात असणे आणि निसर्गाचा अभ्यास करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे एक प्रश्न लागतो, आणि तो विचारण्याची मुभा लागते.

तरंगते डोंगर

ती मुभा या मुलांनी स्वतः घेतली. तो प्रसंग माझ्या मते या पुस्तकातील शिक्षणदृष्ट्या सर्वांत मोलाचा आहे.

भटकंतीत दोघे एका सरोवरापाशी पोचले. त्यात सात डोंगर तरंगतात आणि निष्पाप यात्रेकरूकडे ते आपणहून येतात, पाप्याकडे येत नाहीत, अशी त्या स्थानाची ख्याती होती. दोघांनी प्रार्थना केली; डोंगर हलले नाहीत. पाण्यात उतरू नका, मगरी आहेत, अशी ताकीद पुजाऱ्यांनी दिलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटे, कोणी पाहत नसताना, भावाने पाण्यात उडी घेतली आणि तो पोहत डोंगरांपर्यंत गेला. ते दगडमातीचे ढीग होते, वर झाडे लावलेली, आणि खाली तराफे. मागे एक लहान होडी होती. यात्रेकरूंनी पुरेशी दक्षिणा दिली की होडीतील माणूस तराफा ढकलत असे.

शिक्षकांनी हा प्रसंग बारकाईने पाहावा. एक विधान होते. ते तपासता येण्याजोगे होते. तपासू नये म्हणून भीती घातलेली होती. निकाल विरुद्ध गेला तर दोष तपासणाऱ्याच्या पापाकडे जाईल अशीही सोय होती. डोंगर आला तर विधान खरे, न आला तरी विधान खरेच. अशा विधानाला आज आपण अवैज्ञानिक म्हणतो, कारण ते चुकीचे ठरण्याची वाटच बंद केलेली असते. श्रीनिवासाने ती वाट पोहून उघडली. त्याला कोणी विज्ञान शिकवले नव्हते.

हा प्रयोग आईवडिलांच्या हयातीत झाला असता का? मला शंका आहे. ते कठोर होते म्हणून नव्हे. उलट ते फार प्रेमळ होते आणि मुलांना त्यांच्याविषयी अपार आदर होता, म्हणून. जेथे आई हीच शिक्षिका, तीच ग्रंथ आणि तीच परीक्षक असते, तेथे शंका घेणे म्हणजे आईवर शंका घेणे होते. शाळेत मास्तरांचे उत्तर चुकले तर मूल घरी येऊन आईला सांगू शकते. आईचे उत्तर चुकले तर मूल शाळेत सांगू शकते. दोन ठिकाणे असल्यामुळे तुलना होते. घरच्या शाळेतील अडचण पुस्तकांच्या, चित्रांच्या किंवा झाडांच्या कमतरतेची नसते. अडचण असते ती, उत्तर तपासणाऱ्या दुसऱ्या माणसाची.

मोठ्या कुटुंबाचा खरा फायदाही येथेच दिसतो. मोठा मुलगा धाकट्याला वाचायला शिकवतो आणि आईचा वेळ वाचतो, हा फायदा लहान आहे. भावंडे एकमेकांचे ऐकून घेत नाहीत, हा मोठा फायदा आहे. रमाबाईंना पोहत जाणारा भाऊ होता.

दुसरे एक मोठे घर

याच काळात कलकत्त्यात दुसरे एक मोठे कुटुंब आपल्या मुलांना घरी शिकवीत होते. रवींद्रनाथ टागोर १८६१ साली जन्मले, देवेंद्रनाथांचे चौदावे अपत्य. शाळा त्यांना मानवल्या नाहीत. घरात संगीत, नाट्य, चित्रकला आणि ग्रंथ यांची रेलचेल होती. १८७३ साली वडिलांनी त्यांना हिमालयात डलहौसीला नेले आणि तेथे रात्री आकाशातील ताऱ्यांची ओळख करून दिली. तेव्हा कला, निसर्ग, पुस्तके हे तिन्ही येथेही होते.

फरक पाहण्यासारखा आहे. ‘जीवनस्मृती’त रवींद्रनाथ सांगतात की विज्ञान शिकवायला सीतानाथ दत्त नावाचे शिक्षक बाहेरून येत. त्यांनी काचेच्या भांड्यातील पाण्यात लाकडाचा भुसा टाकून ते तापवले. खालचे पाणी तापून हलके होऊन वर जाते आणि वरचे थंड पाणी खाली येते, हे भुशाच्या हालचालीवरून डोळ्यांना दिसले. त्या मुलाला झालेले आश्चर्य म्हातारपणीही शिल्लक होते. १९३७ साली त्याच माणसाने बंगालीत ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि ते सत्येंद्रनाथ बोस यांना अर्पण केले. भुशाचा प्रयोग कोणत्याही शाळेत आजही करता येतो, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. महत्त्वाचे हे की तो करणारा माणूस घरातला नव्हता. टागोरांच्या घराचे दार बाहेरच्या माणसांसाठी उघडे होते.

अर्थात त्या घरापाशी जमीनदारीचा पैसा होता. रोज निराळा शिक्षक बोलावणे सर्वांना परवडत नाही. सर्व मुलांसाठी हे ‘बाहेरचे माणूस’ सरकारी खर्चाने नेमण्याच्या व्यवस्थेला आपण शाळा म्हणतो. ती व्यवस्था आपले काम नीट करते का, हा वेगळा आणि रास्त प्रश्न आहे. पण तिचे काम काय, हे विसरता कामा नये.

कळंबच्या बाजारातील शेवळे

आता कळंबकडे परत येऊ. तेथील वाड्यांतील घरेही मुलांना शिकवतातच. त्या शिक्षणाला कोणी घरची शाळा म्हणत नाही, एवढेच.

पहिल्या पावसाबरोबर रानात शेवळे येतात. सुरणाच्या जातीच्या एका वनस्पतीचा हा फुलोरा. ठाकर-कातकरी बायका त्याच्या जुड्या बाजारात विकायला आणतात. त्याच सुमाराला काकड नावाच्या झाडाची आंबट फळे तयार होतात, आणि तीही जुडीबरोबर मिळतात. शेवळे नुसते शिजवून खाल्ले तर घसा खवखवतो. आतला पिवळा भाग काढून, काकडाच्या फळांच्या रसात शिजवले की भाजी खाता येते. वाडीतील दहा वर्षांच्या मुलीला हे सारे ठाऊक असते. तिने ते आईशेजारी चुलीपाशी बसून शिकलेले असते. हे ज्ञान पाठांतराचे नाही, तपासलेले आहे. चूक झाली तर जीभ लगेच सांगते.

म्हणजे या घरात डोंगऱ्यांच्या घरात नसलेली गोष्ट आहे : निसर्गाकडून मिळणारी थेट परीक्षा. मग उणे काय? उणे आहे ते पुढचा प्रश्न. काकडाने खाज का जाते? भाजी खाण्यासाठी हा प्रश्न लागत नाही, म्हणून तो घरात निघत नाही.

आता शाळेतील ठरीव उत्तर पाहा. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात, आणि आंबट रसाने ते विरघळतात. यातील पहिला भाग बरोबर आहे. शेवळ्याचा थोडा रस काचपट्टीवर घेऊन शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सुया दिसतात. दुसरा भाग मात्र तपासण्यासारखा आहे. कॅल्शियम ऑक्झॅलेट हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळते. सौम्य ॲसेटिक आम्लात ते जवळजवळ विरघळत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत या फरकाचा उपयोग ओळखचाचणीसाठी करतात. मग काकडाच्या फळातील सौम्य आम्लाने सुया खरोखर नाहीशा होतात, की खाज अन्य कारणाने जाते? सुयांबरोबर असलेल्या प्रथिनासारख्या दाहक पदार्थाचा शिजवण्याने नाश होत असेल का?

हे वर्गात करून पाहता येईल. एक काचपट्टी शेवळ्याचा साधा रस घेऊन, दुसरी काकडाच्या रसात तासभर ठेवलेल्या तुकड्याची, तिसरी नुसत्या पाण्यात उकळलेल्याची, चौथी काकडासह उकळलेल्याची. प्रत्येकीवर ठरावीक क्षेत्रातील सुया मोजायच्या. हाताला आधी तेल लावावे, आणि कच्चा तुकडा कोणीही तोंडात घालू नये. चित्र काढणाऱ्या मुलांनी सूक्ष्मदर्शकात दिसले तसे चित्र काढावे. येथे चित्रकला म्हणजे निरीक्षणाची नोंद असते. उत्तर काय येईल ते मी येथे सांगत नाही. पुस्तकातील उत्तर, आईचे उत्तर आणि काचपट्टीवरील उत्तर ही तिन्ही समोर ठेवून मुलांना बोलू द्यावे. हा तास घरी घेता येणार नाही असे नाही. पण त्यासाठी घराला पुस्तकाच्या आणि स्वतःच्याही विरोधात जाण्याची तयारी ठेवावी लागेल.

आणखी एक गोष्ट. कातकरी कुटुंबांपैकी अनेक पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांच्या कामावर बाहेर पडतात, आणि मुले त्यांच्याबरोबर जातात. डोंगरे कुटुंबासारखेच हे वाटेवरचे बालपण आहे. फरक इतका की येथे आईजवळ शिकवायला वेळ नसतो आणि हातात पुस्तक नसते. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या दहाव्या कलमाने मुलाला शेजारच्या शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरवले. कायद्याची ही भाषा वीटभट्टीवरील आईला अपुरी पडते, आणि शेतघरातील पालकाला जाचक वाटते. शेतघरातील मुलासमोर निदान १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्थापन झालेल्या संस्थेच्या परीक्षेचा मार्ग तरी आहे. भट्टीवरील मुलासाठी शाळेनेच भट्टीपर्यंत चालत जाणे, हाच मार्ग आहे.

रमाबाईंचे उत्तर

रमाबाई निदानावर थांबल्या नाहीत, म्हणून त्यांचे पुस्तक तक्रारीचे होत नाही. घरात न मिळालेले शिक्षण त्यांनी मोठेपणी मिळवले. १८८२ साली पुण्यात त्यांनी इंग्रजी शिकायला घेतले. पुढे इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित व निसर्गविज्ञान शिकत; तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या पुढे होते. अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान-पद्धतीचे शिक्षण घेतले. चेंडू, ठोकळे, कागद, बाग यांतून लहान मुलांना शिकवण्याची ही पद्धत. मराठी मुलींसाठी क्रमिक पुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी तेथेच हाती घेतले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू झाले.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात या मुली वाचायला शिकल्या, आणि त्याबरोबर विणकाम, छपाई, तेल काढणे, शेती, दुधाचा व्यवसाय हेही शिकल्या. या यादीकडे लक्ष द्यावे. ज्या दुष्काळाने त्यांचे घर नेले, तसल्याच दुष्काळातून आलेल्या मुलींना त्यांनी नेमके तेच दिले जे स्वतःच्या घराने दिले नव्हते. केडगावचे सदन हेही एक फार मोठे घरच होते. तेथील धार्मिक वळणावर त्या काळी कडक टीका झाली, आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. एका श्रद्धेचे कुंपण जाऊन दुसरीचे आले का, हा प्रश्न त्यांच्याच कसोटीने त्यांनाही विचारला पाहिजे. पण भाकरी मिळवण्याची विद्या तेथे विद्या मानली गेली, हे निर्विवाद.

घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकाला शिक्षकांनी विरोध करण्याचे कारण नाही. त्याला तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या घरी बाहेरचे कोणते माणूस नियमित येऊन मुलाला शिकवते? तुमचे मूल पोट भरण्याची कोणती विद्या हाताने करून शिकते? आणि तुमचे उत्तर चुकीचे आहे असे ते मूल शेवटचे कधी म्हणाले, व त्यावर तुम्ही काय केले? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर ती घरची शाळा चांगली आहे, मग भिंतीवर चित्रे असोत वा नसोत.

हेच तीन प्रश्न आपण आपल्या शाळेलाही विचारावेत. वाडीतील बाई जूनमध्ये शेवळ्याची जुडी घेऊन विज्ञानाच्या तासाला आली आहे का? आपल्या मुलांपैकी कोणी पाठ्यपुस्तकातील वाक्य तपासायला पाण्यात उतरले आहे का? की मगरी आहेत असे सांगून आपणच त्यांना काठावर बसवून ठेवले आहे?